शेजार घडवावा लागतो : खोताची वाडी आणि स्थलांतरितांना सामावून घेण्याचे धोरण

प्रश्न आणि प्रतिपादन

बाहेरून आलेला माणूस एखाद्या वस्तीत कसा रुजतो, या प्रश्नाची दोन उत्तरे महाराष्ट्रातल्या सार्वजनिक चर्चेत सतत ऐकू येतात. पहिले उत्तर मुंबईच्या मोठ्या मनाचे आहे: हे शहर सगळ्यांना पोटात घेते. दुसरे उत्तर आलेल्याच्या वागणुकीचे आहे: त्याने इथली भाषा शिकावी, इथल्यासारखे राहावे, म्हणजे तंटा उरत नाही. ही उत्तरे एकमेकांच्या विरोधात मांडली जातात, पण दोघांचा पाया एकच आहे. दोन्हींत प्रश्न मनोवृत्तीचा मानलेला आहे. म्हणून त्यांतून निघणारे उपायही तसेच असतात: सलोख्याच्या सभा, खाद्यमहोत्सव, आवाहने आणि इशारे.

हा समज उथळ आहे. वेगवेगळ्या मुलखांतून, जातींतून आणि धर्मांतून आलेली माणसे एका ठिकाणी नांदली, तिथे चार गोष्टी आढळतात. राहण्याची हमी, आलेल्याला धरून ठेवणारी त्याची स्वतःची संस्था, कामाच्या आणि भेटीच्या जागी बरोबरीचा दर्जा, आणि सर्वांनी मिळून चालवायचा काही कारभार. या चार गोष्टी असल्या की मने हळूहळू जुळतात. त्या मोडल्या की मोठ्या मनाची वस्तीही विरळ होते. म्हणून विविधतेचे धोरण आधी घर, काम आणि स्थानिक कारभार यांचे धोरण असले पाहिजे. गिरगावातील खोताची वाडी हे या विधानाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

खोताची वाडी: एक छोटे शहर

गिरगावात सेंट तेरेसा चर्चच्या परिसरात, रहदारीच्या रस्त्याला लागून असलेल्या अरुंद गल्ल्यांत ही वाडी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत आडनावाच्या पाठारे प्रभू जमीनमालकाने येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना घरांसाठी दिले. हिंदू जमीनमालक आणि ख्रिस्ती घरमालक हे वस्तीचे मूळ नाते. पुढे आसपासच्या चाळींत कोकणातले चाकरमानी, गोवेकर आणि गुजराती व्यापारी कुटुंबे आली. गोमंतकी पद्धतीच्या माशांच्या जेवणासाठी नावाजलेले, आता बंद पडलेले अनंताश्रम याच वाडीत होते.

घरांची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. लाकडी सांगाडा, उतरते कौलारू छप्पर, पुढे व्हरांडा आणि वरच्या मजल्यावर जायला बाहेरून जिना. जिना बाहेर असल्याने वरच्या मजल्यावरचा माणूस खालच्याच्या दारावरूनच ये-जा करतो. व्हरांडा थेट गल्लीत उघडतो आणि गल्ली इतकी अरुंद की समोरच्या व्हरांड्यातल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते. येथील ओळखपाळख कोणी ठरवून केलेली नाही, ती घरांच्या बांधणीनेच घडवली.

वाडी ज्या शहरात आहे, त्याची जडणघडणही ध्यानात ठेवावी लागते. १९२१च्या जनगणनेनुसार मुंबईच्या लोकसंख्येपैकी सुमारे ८४ टक्के माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. बाहेरून आलेला ही तेव्हा मुंबईतली बहुसंख्येची स्थिती होती. त्यामुळे ‘सामावून कोणी कोणाला घेतले’ हा प्रश्न विचारताना यजमान आणि पाहुणा अशी सरळ विभागणी करता येत नाही.

पहिली अट: राहण्याची हमी

शेजाऱ्याशी संबंध जोडायला वेळ लागतो. ज्याला अकरा महिन्यांनी खोली सोडावी लागणार आहे, तो गल्लीच्या नळाच्या भांडणात पडत नाही, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब विचारत नाही आणि मुलांची शाळाही तात्पुरतीच धरतो. त्याच्या अलिप्ततेला लोक स्वभाव म्हणतात, पण ती बहुतेक वेळा भाड्याच्या कराराची देणगी असते.

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या वस्त्यांना ही हमी दोन मार्गांनी मिळाली. खोताच्या वाडीसारख्या ठिकाणी मालकीची छोटी घरे होती. चाळींत ती १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने आणि पागडीच्या रिवाजाने मिळाली. गिरणीतला कामगार, छापखान्यातला जुळारी, पेढीवरचा कारकून एका खोलीत दोन-तीन पिढ्या राहू शकला. चाळीच्या सामाईक गॅलरीतले संबंध प्रसिद्ध आहेत, पण गॅलरी हे त्यांचे निम्मेच कारण होते. उरलेले निम्मे कारण म्हणजे त्या गॅलरीतून कोणाला सहज काढता येत नव्हते.

दुसरी अट: आलेल्याची स्वतःची संस्था

स्थलांतरितांनी आपापल्या मंडळ्या केल्या की ते मूळ समाजापासून तुटतात, असे मानले जाते. मुंबईचा अनुभव उलट आहे.

गोव्यातून आलेल्या दर्यावर्दी आणि नोकरदार पुरुषांसाठी धोबीतलाव, माझगाव, गिरगाव भागांत ‘कूड’ उभे राहिले. प्रत्येक कूड एका गावाचे. त्या गावच्या माणसाने नाममात्र वर्गणीवर तिथे राहावे, भिंतीशी आपली पेटी ठेवावी, रात्री चटई पसरावी आणि संध्याकाळी गावच्या संताच्या वेदीपुढे सर्वांबरोबर रोझरी म्हणावी असा नियम असे. बोटीवरून उतरलेल्या खलाशाला पुढची बोट मिळेपर्यंत शहरात दुसरा आसरा नव्हता. परळ-लालबागच्या गिरणगावात हेच काम गावकऱ्यांच्या खोल्यांनी केले. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे पाळीप्रमाणे झोपत आणि महिन्याच्या बोलीवर खाणावळीत जेवत. या खाणावळी चालवणाऱ्या बायकाही गिरणगावातल्याच होत्या. सावकारी कर्जात अडकलेल्या या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

या संस्थांनी तीन कामे केली. नवख्याला पहिल्या रात्रीचे छप्पर दिले, नोकरीची ओळख दिली आणि शहराचे नियम शिकवले. ज्याच्या पाठीशी असे काही नसते, तो थेट मुकादम, दलाल किंवा गुंड यांच्या हाती पडतो. म्हणून गावची मंडळी ही शहरात शिरण्याची पहिली पायरी आहे आणि धोरणाने ती मोडू नये.

पायरीवरच थांबणे मात्र धोक्याचे आहे. कुडाचे सभासदत्व गावापुरते होते, बायकांना तिथे जागा नव्हती. गावकीच्या खोलीत जातही पाळली जाई. स्वतःची संस्था आसरा देते, पण तेवढ्याने नागरिकत्व मिळत नाही. त्यासाठी पुढच्या दोन अटी लागतात.

स्थलांतरामुळे संघटित होण्याची गरज जुन्या रहिवाशांनाही पडते. मुंबई, साष्टी, वसई परिसरातील मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले आणि आपली संघटना स्थापली. गोवा आणि मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांशी नोकऱ्यांत स्पर्धा वाढली होती, हे त्यामागचे एक ठळक कारण होते. म्हणजे खोताच्या वाडीतल्या ‘मूळ’ रहिवाशांची आजची ओळखही स्थलांतराच्या रेट्यातूनच पक्की झाली. त्यांची चिंता खरी होती. तिला उत्तर म्हणून त्यांनी संघटना काढली, शेजाऱ्याचे घर पाडले नाही.

तिसरी अट: बरोबरीचा दर्जा

माणसे एकत्र आली की पूर्वग्रह आपोआप गळून पडतात, हा आणखी एक सोयीचा समज. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली या समजाला अटी घातल्या: भेटणाऱ्यांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामाईक हवे, ते गाठायला सहकार्य लागावे आणि अधिकारी यंत्रणेचा या भेटीला पाठिंबा हवा. या अटी नसताना नुसती जवळीक पूर्वग्रह घट्टही करू शकते.

याचा पुरावा परळच्या गिरण्यांत होता. हजारो माणसे एका छपराखाली काम करत होती, तरी जास्त पगाराच्या विणाईखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. मागावर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्य मानलेल्या कामगाराने तोंड लावलेल्या धोट्याला आपले तोंड लागणे सवर्ण विणकरांना चालत नसे. त्यामुळे दलित कामगार कमी पगाराच्या खात्यांत अडकून पडले. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. मालकाविरुद्ध एकजूट हवी असेल, तर आधी धोट्याची बंदी उठली पाहिजे, असा त्यांच्या भूमिकेचा रोख होता.

आजच्या शहरांत धोट्याची जागा इतर गोष्टींनी घेतली आहे. बांधकामावरचा बिहारी किंवा ओडिया मजूर, हॉटेलातला नेपाळी मुलगा, यंत्रमागावरचा उत्तर प्रदेशातला कामगार स्थानिकांना रोज दिसतो, पण भेटतो तो फक्त मालक-नोकर, ग्राहक-फेरीवाला अशा चढ-उताराच्या नात्यात. अशा ‘रोजच्या ओळखी’तून सामावणे घडेल अशी आशा करणे व्यर्थ आहे. कामगाराला लेखी नेमणूक, किमान वेतन आणि तक्रार करायला जागा देणे हीच या बाबतीतली विविधतेची नीती आहे.

चौथी अट: मिळून चालवायचा कारभार

आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगलग्रस्त आणि शांत शहरांची तुलना करून २००२ साली काढलेला निष्कर्ष येथे उपयोगी पडतो. शेजाऱ्यांत सणासुदीला ताटे जात असली, मुले एकत्र खेळत असली, तर छोट्या गावात ते पुरते. शहरात मात्र व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये, क्लब अशा मिश्र संस्था असतील, तरच अफवेच्या रात्री शांतता टिकते.

महाराष्ट्रात याचे उदाहरण भिवंडीचे. यंत्रमागांच्या या गावात स्थलांतरित कामगारांची दाट वस्ती. १९७० आणि १९८४ साली येथे भीषण दंगली झाल्या. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापल्या. हिंदू आणि मुसलमान रहिवासी ठरावीक काळाने पोलिसांसह एकत्र बसू लागले. तेथे भाषणे कमी आणि कामे जास्त होती: भाडेकरूचा वाद, पाण्याचे भांडण, मिरवणुकीचा मार्ग. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबईत शेकडो माणसे मारली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. भिवंडीकरांची मने आठ वर्षांत बदलली असे मानण्याला आधार नाही. बदलली होती ती व्यवस्था. संशयाच्या क्षणी कोणाच्या दारावर थाप मारायची, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

मुंबई कोसळली यावरूनही हेच दिसते. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या मिश्र कामगार संघटना खिळखिळ्या झाल्या होत्या. बहुरंगीपणा होता, पण त्याला बांधून ठेवणारी कामाची जागा आणि संघटना दहा वर्षांत विरून गेली होती.

वाडी विरळ का होत आहे

खोताच्या वाडीत एके काळी पासष्टच्या आसपास जुनी घरे होती. आज त्यांपैकी तिसाच्याही आत उरली आहेत. ती दंगलीने रिकामी झाली नाहीत, शेजाऱ्यांच्या वैरानेही नाहीत. घरांच्या अर्थकारणाने झाली.

भाडेनियंत्रणामुळे भाडी गोठली आणि मालकांनी दुरुस्ती सोडली. १९६९ साली दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला, तरी इमारतींची पडझड थांबली नाही. मग वाढीव चटईक्षेत्र देऊन पुनर्विकास हा मार्ग निघाला. जुन्या रहिवाशाला मोफत घर आणि बिल्डरला विकायला जादा मजले, असा हा सौदा. नव्या टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा मेंटेनन्स येतो. निवृत्त कारकुनाच्या घराला तो झेपत नाही, मग घर विकून कुटुंब विरार किंवा बदलापूरला जाते. वाडीतल्या छोट्या घरमालकांपुढेही दुरुस्तीचा खर्च आणि जमिनीचा भाव यांतला असाच पेच असतो.

विक्रीचे मजले कोणाला मिळतात, हा पुढचा प्रश्न. संविधानाचे कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई करते, पण खासगी घराच्या विक्रीचा किंवा भाड्याचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. याच्या जोडीला आहार, धर्म, प्रांत यांवरून घर नाकारण्याची अलिखित पद्धत आहेच. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला मराठी असल्यामुळे कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत महाराष्ट्रभर गाजली. मुसलमान आणि दलित भाडेकरूंना हा नकार कितीतरी आधीपासून रोज मिळतो. तो मराठी माणसाच्या वाट्याला आला तेव्हा त्याची चीड आली, ती रास्तच होती. तीच चीड प्रत्येक नकाराच्या वेळी यायला हवी.

संभाव्य आक्षेप

१. ‘भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांचे काय?’ हा आक्षेप हलका नाही. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली, त्यामागे शिकलेल्या मराठी तरुणांची खरी कोंडी होती. राज्याच्या उद्योगधोरणात स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्यांचा आग्रह पुढे आला तोही यातूनच. पण टक्केवारीचा कायदा टिकत नाही: खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक आरक्षणाचा हरियाणाचा कायदा २०२३ साली उच्च न्यायालयाने रद्द केला. शिवाय कंत्राटदार बाहेरचा मजूर घेतो तो मुख्यतः स्वस्त आणि निमूट असतो म्हणून. स्थानिक आणि बाहेरच्या मजुराला एकच वेतन आणि एकच हक्क दिले, तर स्थानिकाला डावलून स्वस्त माणूस आणण्याचे कारणच उरत नाही. स्थलांतरिताचे संरक्षण हे अशा रीतीने भूमिपुत्राचेही संरक्षण ठरते.

२. ‘मराठीचे काय?’ येणाऱ्याने मराठी शिकावी, ही अपेक्षा योग्य आहे. प्रश्न शिकण्याच्या सोयीचा आहे. मुलांसाठी २०२० साली सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. प्रौढ कामगारासाठी मात्र जवळपास काही नाही. १९११ साली ना. म. जोशी यांनी स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळच्या कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. पाळी संपवून आलेल्या माणसाला अक्षरओळख द्यायची असेल, तर वर्ग त्याच्या वेळेला आणि त्याच्या वस्तीत भरला पाहिजे, हे तिने ओळखले होते. मराठीच्या रक्षणाची आज ज्यांना तळमळ आहे, त्यांनी असा वर्ग प्रत्येक प्रभागात मागितला पाहिजे.

३. ‘विविधतेने परस्परविश्वास घटतो.’ अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट पटनम यांनी २००७ साली हे दाखवले. त्यांच्याच मांडणीनुसार हा परिणाम प्रामुख्याने सुरुवातीच्या काळातला आहे आणि दीर्घ काळात नवी सामाईक ओळख घडू शकते. त्यातून निघणारा धडा एवढाच, की तो काळ ओलांडायला संस्था लागतात. त्या नसतील, तर सुरुवातीचा अविश्वासच कायमचा होतो.

४. ‘शेजारी कोण असावा हे सरकारने ठरवू नये.’ सिंगापूरने १९८९पासून सरकारी वसाहतींत प्रत्येक इमारतीसाठी वांशिक कोटा लावला. वस्त्या मिश्र राहिल्या, पण अल्पसंख्याकांना घर विकायला गिऱ्हाईक मर्यादित मिळते, हा त्याचा जाच आहे. भारतात, जेथे जात मोजावी लागेल, तेथे असा कोटा नको. पण वाढीव चटईक्षेत्र ही बिल्डरला मिळालेली सार्वजनिक संपत्ती आहे. ती घेणाऱ्याने धर्म, जात, प्रांत किंवा आहार यांवरून घर नाकारू नये, ही अट घालण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे.

५. ‘भाड्याची हमी दिली की इमारती कोसळतात.’ गोठलेल्या भाड्याने इमारती कोसळल्या, हे खरे. पण हमी आणि गोठवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. भाडे ठरावीक सूत्राने वाढत राहावे आणि भाडेकरूला मनमानीने काढता येऊ नये, अशी व्यवस्था शक्य आहे. मुंबईने दोन्ही टोके अनुभवली: आधी न बदलणारे भाडे आणि आता अकरा महिन्यांची अस्थिरता.

छोट्या शहरांसाठी धोरण

मुंबईचा हा अनुभव आता छोट्या शहरांच्या उपयोगी पडणारा आहे. एके काळी मुंबईला सर्वाधिक माणसे पुरवणारा रत्नागिरी जिल्हा आज स्वतः माणसे बोलावतो. मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, हापूसच्या बागांची राखण नेपाळी कुटुंबे करतात. इचलकरंजीच्या मागांवर, चाकणच्या कारखान्यांत देशभरचे कामगार आहेत. ज्यांचे आजोबा गिरणगावात गावकीच्या खोलीत झोपले, त्यांच्या गावात आज परमुलखातला तरुण बागेच्या खोपटात झोपतो.

अशा शहरांपुढे एक घटनात्मक उणीव आहे. कलम २४३ (एस) प्रभाग समित्या बंधनकारक करते ते तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. त्याहून लहान शहरांत, जिथे स्थलांतर सर्वांत नवे आहे, तिथेच मिळून कारभार करण्याची जागा कायद्याने हमखास मिळत नाही. हे ध्यानात घेऊन नगरपालिकांनी चार कामे हाती घ्यावीत.

एक, भाड्याची परवडणारी घरे. केंद्र सरकारने २०२० साली स्थलांतरितांसाठी भाड्याच्या गृहसंकुलांची योजना आणली. नगरपालिकांनी अशी घरे शहराबाहेर एकगठ्ठा न बांधता जुन्या वस्त्यांत विखरून द्यावीत आणि करार किमान तीन वर्षांचे असावेत.

दोन, आलेल्यांच्या मंडळांना मान्यता. गावकी, भाषिक संघ, कामगारांच्या भिशी मंडळांची नोंद घ्यावी आणि रेशन, आरोग्य, शाळाप्रवेश यांची माहिती त्यांच्यामार्फत पोहोचवावी.

तीन, कामाच्या जागी समान हक्क. पालिकेची स्वतःची कंत्राटे येथपासून सुरुवात व्हावी: सफाई, रस्ते, बांधकाम यांतल्या प्रत्येक कंत्राटी कामगाराला, तो कुठलाही असो, एकच वेतन आणि वेतनचिठ्ठी.

चार, प्रभागाची मिश्र समिती. कायद्याची सक्ती नसली तरी ठरावाने ती नेमता येते. तिच्यात जुने रहिवासी, भाडेकरू, कामगार आणि बायका असाव्यात. पाणी, कचरा, फेरीवाल्यांच्या जागा, मिरवणुकीचे मार्ग असे खरे निर्णय तिच्याकडे असावेत. निर्णय नसलेली सलोखा समिती फोटोपुरती उरते.

या धोरणाची कसोटीही ठरवता येते. महोत्सवाला किती माणसे आली, हे मोजून काही कळत नाही. बाहेरून आलेली किती कुटुंबे पाच वर्षांनंतर त्याच प्रभागात आहेत, त्यांची किती मुले तिथल्याच शाळेत वरच्या इयत्तेत गेली, घर नाकारल्याच्या किती तक्रारी नोंदवल्या आणि निकाली निघाल्या, प्रभाग समितीत त्यांच्यापैकी किती जण बसतात, हे दरवर्षी मोजून जाहीर करावे. हे आकडे सुधारत असतील, तर शहर माणसांना सामावून घेत आहे. ते घसरत असतील, तर मोठ्या मनाच्या कितीही गोष्टी सांगितल्या, तरी तिथल्या वाड्या रिकाम्याच होत राहतील.